सड्यावर

मे महिन्यात सड्यावर कोणी जात नाही.
गुरंसुद्धा खाली वाडीत, फणसाच्या सावलीला.
मी गेले. खांद्यावर दोर,
आणि तेही अकरा वाजता.

विहंग तिकडे त्याच्या वाळवंटात आहे,
तांबड्या खडकांच्या राष्ट्रीय उद्यानात,
जिथे पायवाटांना क्रमांक असतात
आणि माणशी किती पाणी न्यावं याची पाटी.
दोघं जाणार होतो.
मग माझा गुडघा, मग व्हिसा,
मग मीच म्हटलं, जा तू.
काल त्याने फोटो पाठवला: उभा सुळका,
त्यावर नखाएवढा तो.
मी अंगठा पाठवला.

राजापूरच्या पुढे एसटी सोडते,
घाटी चढली की झाडं संपतात.
नुसता कातळ.
गेल्या पावसाळ्यातलं शेवाळ करपून काळं झालंय,
चालताना पापड मोडल्यासारखा आवाज.
टिटवी अंगावर येते.
खाली बघते तर पायापासून वीतभर
चार अंडी, उघड्या दगडावर,
दगडाच्याच ठिपक्यांची.
वळसा घालते. तरी ती शिव्या देतेच.

लांब पाणी चमकतं.
वाळवंटात अशा पाण्यावर विश्वास ठेवू नये म्हणतात.
इथे ते खरंच आहे,
आभाळापर्यंत,
फक्त पिता येत नाही.

मग चिऱ्यांची बंद खाण.
चाळीस फूट, भिंती अशा सरळ
की कुणी खरवस कापलाय.
काठावर यासीन बारमारे,
ओल्या फडक्यात गुंडाळलेली कोकमाची बाटली घेऊन.
"ही भिंत मीच कापलीय. अठरा वर्षं मशीनवर होतो.
वरचा थर पक्का. मधे दोन हात भुसा,
तिथं जीव टाकू नका.
खाली शेडी, ती तर पीठच."
चढाईचं इतकं नेमकं वर्णन
मला आजवर कुणी दिलं नव्हतं.

जांभ्यात मेख धरत नाही.
दोर बांधला मालकाने टाकून दिलेल्या ट्रकच्या आसाला.
यासीनला शिकवलं: खालचा हात
काही झालं तरी सोडायचा नाही.
"मशीनचापण तोच कायदा," म्हणाला,
आणि डावा पंजा दाखवला.
दोन बोटं नव्हती.

जांभा आतून पोकळ, मधाच्या पोळ्यासारखा,
प्रत्येक भोकात कुणीतरी राहतं.
मुंग्या, कोळी, एकदा तर नुसता गार वारा.
भुशाशी पोचले आणि अर्थातच
तिथेच जीव टाकला.
हातातली भिंत हातातच आली.
दोर ताणला, थांबला.
खालून काहीच आवाज नाही.
तांबड्या धुळीत मी लोंबकळत होते
आणि गुडघा, आश्चर्य म्हणजे, गप्प होता.

वर जाऊन आले, मग तो म्हणाला, "मी?"

अनवाणी चढला.
पात्याने कोरलेल्या रेघांत अंगठे रोवत,
स्वतःच्याच मजुरीवरून.
अर्ध्यावर थांबला. एक रेघ तिथे वाकडी होती.
"पातं इथं तुटलं," एवढंच म्हणाला.
मी पंजाचं विचारलं नाही.
तीन बोटांनी तो ती रेघ चाचपत राहिला,
मिनिट, दोन मिनिटं,
त्याचं सगळं वजन माझ्या कमरेवर.
फोन खिशात होता. राहू दिला.

कोकम संपलं. दोर गुंडाळला, लालभडक झालेला.
विहंगचा मेसेज: तिकडे काय?
लिहायला घेतलं, अंधार झाला.

परतताना यासीन पुढे, बॅटरीशिवाय.
"माझ्या पावलावर पाऊल टाका," म्हणाला,
"आणि टिटवी ओरडली की
आहे तिथंच उभ्या रहा."